मूत्रवाहिनीतील दुर्बीण आणि जोखमीचा रुग्ण

मूत्रपिंडातून निसटून मूत्रवाहिनीत अडकलेला मुतखडा दुर्बिणीच्या साहाय्याने फोडून काढणे ही आता मूत्ररोगशास्त्रातील नित्याची शस्त्रक्रिया झाली आहे. रुग्ण अन्यथा निरोगी असेल, खडा लहान असेल आणि लघवीत जंतुसंसर्ग नसेल, तर ती बहुधा तासाभरात आटोपते आणि रुग्ण एक-दोन दिवसांत घरी जातो. परंतु शस्त्रक्रियागृहात येणारा प्रत्येक रुग्ण असा नसतो. कोणी सात महिन्यांची गरोदर असते, कोणाच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसवलेला असल्याने रक्त पातळ ठेवणारी गोळी चुकवता येत नाही, कोणाला मधुमेह असून थंडी वाजून ताप भरलेला असतो, तर कोणाचे एकमेव मूत्रपिंड दुसऱ्या माणसाने दान केलेले असते. अशा रुग्णांत दुर्बीण वापरता येते का, हा प्रश्न गेल्या तीन-चार दशकांत बव्हंशी सुटला आहे. ती केव्हा वापरावी, तिच्याआधी काय करावे आणि कोठे थांबावे, हे प्रश्न मात्र प्रत्येक रुग्णाच्या वेळी नव्याने सोडवावे लागतात, आणि शस्त्रक्रियेची सुरक्षितता मुख्यतः त्यांच्या उत्तरांवर अवलंबून असते.

वाट आणि साधन

मूत्रवाहिनी म्हणजे मूत्रपिंडात तयार झालेली लघवी मूत्राशयात आणून सोडणारी स्नायुमय नळी होय. प्रौढ माणसात तिची लांबी सुमारे २५ सेंटिमीटर आणि आतली पोकळी अवघी ३ ते ४ मिलिमीटर असते, आणि ही पोकळीही सर्वत्र सारखी नसते. मूत्रपिंडातून नळी जेथे सुरू होते तेथे, कमरेच्या खोबणीतील मोठ्या रक्तवाहिन्या ती जेथे ओलांडते तेथे, आणि मूत्राशयाच्या भिंतीत ती जेथे शिरते तेथे, अशा तीन ठिकाणी ती विशेष अरुंद होते. खडा बहुधा यांपैकी एखाद्या ठिकाणी अडकतो, आणि खालून वर जाणारी दुर्बीणही तेथेच अडते.

या दुर्बिणीची जाडी ‘फ्रेंच’ नावाच्या एककात मोजतात, आणि ३ फ्रेंच म्हणजे १ मिलिमीटर होतो. मूत्रवाहिनीच्या खालच्या भागासाठी वापरल्या जाणाऱ्या, किंचित लवणाऱ्या दुर्बिणीचे टोक साधारण ६ ते ८ फ्रेंच जाडीचे असते; मूत्रपिंडाच्या आतल्या कप्प्यांपर्यंत जाणारी लवचीक दुर्बीण साधारण साडेसात ते साडेनऊ फ्रेंच जाडीची असून तिचे टोक जवळजवळ पूर्ण मागे वळवता येते. लघवीच्या नैसर्गिक मार्गाने, मूत्राशयातून वर, ही दुर्बीण नेली जाते आणि तिच्यातील बारीक पोकळीतून लेसरचा तंतू किंवा खड्याचे तुकडे पकडणारी तारेची जाळी पुढे सरकवली जाते. होल्मियम लेसरचा किरण पाण्यात तत्काळ शोषला जातो आणि त्याचा परिणाम अर्ध्या मिलिमीटरपलीकडे फारसा पोहोचत नाही. त्यामुळे खडा फुटतो, पण तंतू खड्याला टेकवून नीट रोखलेला असेल तर शेजारची नाजूक भिंत शाबूत राहते.

हे साधन टप्प्याटप्प्याने घडत गेले. अमेरिकी शल्यविशारद ह्यू हॅम्प्टन यंग यांनी १९१२ साली एका बालकाच्या, जन्मजात अडथळ्यामुळे फुगलेल्या मूत्रवाहिनीत मूत्राशयाची दुर्बीण घातली आणि ती थेट मूत्रपिंडापर्यंत गेली. म्हणजे या तंत्राचा पहिला रुग्णच गुंतागुंतीचा होता. १९६४ साली न्यूयॉर्कचे व्हिक्टर मार्शल यांनी काचतंतूंच्या लवचीक दुर्बिणीचा वापर नोंदवला, १९८०च्या सुमारास स्पेनमधील एन्रिके पेरेझ-कास्त्रो यांनी मूत्रवाहिनीसाठीच घडवलेली लांब दुर्बीण वापरात आणली, आणि १९९०च्या दशकात होल्मियम लेसर आल्यावर या सर्व प्रयत्नांना व्यवहारात पूर्णत्व आले.

अवघड रुग्ण याच मार्गावर का येतात

मुतखड्यावर उघडी शस्त्रक्रिया आता क्वचितच करावी लागते, आणि तिच्याऐवजी तीन मार्ग उपलब्ध आहेत. १९८० साली म्युनिकमध्ये प्रथम वापरल्या गेलेल्या पद्धतीत शरीराबाहेरून आघात-लहरी सोडून खडा फोडतात. १९७६ साली स्वीडनमधून पुढे आलेल्या पद्धतीत पाठीतून छोटे छिद्र पाडून मूत्रपिंडात थेट शिरतात. आणि तिसरा मार्ग मूत्रवाहिनीतील दुर्बिणीचा. यांपैकी आघात-लहरी गरोदर स्त्रीला आणि रक्तस्रावाची प्रवृत्ती असलेल्या रुग्णाला देता येत नाहीत, आणि खडा फुटला तरी त्याचे तुकडे रुग्णाच्या शरीराने स्वतःच बाहेर टाकावे लागतात. पाठीतून केलेले छिद्र रक्ताने भरलेल्या अवयवातून जाते. हृदयातून बाहेर पडणाऱ्या रक्ताचा सुमारे पाचवा हिस्सा दोन्ही मूत्रपिंडांकडे वळत असल्याने, ज्याचे रक्त गोठत नाही त्याच्यासाठी हे छिद्र जीवघेणे ठरू शकते. दुर्बीण मात्र शरीराच्या मूळच्याच वाटेने जाते आणि कोठेही छेद घेत नाही. म्हणून पहिले दोन मार्ग बंद झालेला रुग्ण तिसऱ्याकडे येतो, आणि ज्या शस्त्रक्रियेला सर्वांत सौम्य म्हटले जाते तिच्या वाट्याला सर्वांत नाजूक रुग्ण येतात. ही वस्तुस्थिती ध्यानात घेतली नाही, तर सौम्य मार्गावर बेफिकिरीने चालण्याचा धोका निर्माण होतो.

जंतुसंसर्ग : आधी निचरा, मग दुर्बीण

या क्षेत्रातील सर्वांत कडक नियम जंतुसंसर्गाचा आहे. खड्याने वाट अडवली आहे, वर साचलेल्या लघवीत जंतू वाढले आहेत आणि रुग्णाला ताप आहे, अशा स्थितीत खडा फोडायला जायचे नसते. त्याचे कारण शस्त्रक्रियेच्या पद्धतीतच आहे. आतले स्वच्छ दिसावे म्हणून दुर्बिणीतून सलाइनचा प्रवाह सतत सोडावा लागतो आणि त्यामुळे मूत्रपिंडातील दाब वाढतो. एरवी हा दाब पाण्याच्या २० सेंटिमीटर उंचीच्या स्तंभापेक्षा कमी असतो. तो ३० ते ४० सेंटिमीटरच्या पलीकडे गेला, की कप्प्यांतील द्रव उलट दिशेने मूत्रपिंडाच्या शिरांत आणि लसीकावाहिन्यांत शिरू लागतो, आणि त्याच्याबरोबर जंतू व त्यांचे विष थेट रक्तात जाते. परिणामी काही तासांत रक्तदाब कोसळून रुग्ण अत्यवस्थ होऊ शकतो.

म्हणून अशा वेळी खड्याला हात न लावता केवळ साचलेल्या लघवीला वाट करून दिली जाते. त्यासाठी एक तर मूत्राशयातून वर ‘डीजे स्टेंट’ सरकवतात, म्हणजे दोन्ही टोके वळलेली एक मऊ पोकळ नळी मूत्रपिंड आणि मूत्राशय यांच्यामध्ये ठेवतात, किंवा सोनोग्राफीच्या आधाराने पाठीतून मूत्रपिंडात नळी घालतात, जिला नेफ्रोस्टॉमी म्हणतात. अमेरिकेत १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका लहान पण काटेकोर तुलनेत दोन्ही उपाय सारखेच गुणकारी आढळले. हा निचरा किती मोलाचा आहे हे २०१३ साली तेथेच प्रसिद्ध झालेल्या, रुग्णालयांच्या नोंदींवर आधारलेल्या अभ्यासातून दिसते : मूत्रवाहिनीतील खडा आणि रक्तातील जंतुदोष एकत्र असलेल्या ज्या रुग्णांत निचरा केला गेला नाही त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण सुमारे १९ टक्के होते, तर निचरा झालेल्यांत ते सुमारे ९ टक्के होते. प्रतिजैविकांचा पूर्ण क्रम झाल्यावर आणि रुग्ण सावरल्यावरच, सामान्यतः काही आठवड्यांनी, खडा काढण्यासाठी दुर्बीण घातली जाते.

मधुमेही रुग्णांत अधिक सावध राहावे लागते, कारण त्यांच्यात संसर्ग वेगाने पसरतो आणि क्वचित मूत्रपिंडाच्या ऊतींमध्ये वायू तयार होण्याइतका उग्र होतो. ताप नसला तरी शस्त्रक्रियेपूर्वी लघवीचा कल्चर, म्हणजे तिच्यातील जंतू वाढवून ओळखण्याची तपासणी, अनिवार्य मानतात. तिच्याही मर्यादा आहेत. काही खड्यांच्या पोटातच जंतू दडलेले असतात, आणि वरची वाट बंद असेल तर मूत्राशयातील लघवी निर्मळ दिसूनही मूत्रपिंडात पू असू शकतो. म्हणूनच दुर्बीण वर नेल्यावर गढूळ, पुवासारखा द्रव दिसला, तर त्याचा नमुना घेऊन, स्टेंट ठेवून शस्त्रक्रिया तेथेच थांबवावी, असा संकेत आहे. संसर्ग नसलेल्या रुग्णातही प्रवाहाचा दाब कमी ठेवणे, द्रव सहज बाहेर यावा म्हणून मूत्रवाहिनीत एक रुंद बाह्यनळी बसवणे आणि शस्त्रक्रिया फार लांबू न देणे या गोष्टी पाळल्या जातात.

रक्त पातळ ठेवणारी औषधे

ज्यांच्या हृदयात कृत्रिम झडप आहे, ज्यांचे ठोके अनियमित आहेत किंवा ज्यांची अँजिओप्लास्टी झाली आहे, त्यांना रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफरिन किंवा त्यांच्यानंतर आलेली तत्सम औषधे घ्यावी लागतात. शस्त्रक्रियेसाठी ती थांबवावीत तर हृदयात वा मेंदूत गुठळी होण्याची भीती, आणि चालू ठेवावीत तर रक्तस्रावाची भीती, असा दुहेरी पेच येथे उभा राहतो. औषधलेपित स्टेंट बसवल्यानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत गोळ्या अवेळी बंद झाल्यास स्टेंटमध्ये गुठळी होऊन हृदयविकाराचा प्राणघातक झटका येऊ शकतो. त्यामुळे तातडी नसेल तर मुतखड्याची शस्त्रक्रिया पुढे ढकलणे हाच पहिला उपाय असतो.

ती पुढे ढकलता येत नसेल, तर दुर्बिणीचे महत्त्व येथे ठळक होते. रक्तस्रावाची प्रवृत्ती सुधारता येत नसलेल्या किंवा औषधे खंडित करता येत नसलेल्या रुग्णांत खडा काढणे आवश्यक असेल, तर दुर्बिणीचा मार्ग प्रथम निवडावा, अशी शिफारस अमेरिकेच्या आणि युरोपच्या मूत्ररोगतज्ज्ञांच्या संघटनांनी आपल्या मार्गदर्शक तत्त्वांत केली आहे. अर्थात जोखीम कमी होते, पूर्णपणे जात नाही. थोड्याशा रक्तानेही आतले दृश्य धूसर होते, आणि धूसर दृश्यात लेसर चालवणे भिंतीला घातक असल्याने शस्त्रक्रिया अर्धवट सोडावी लागण्याची शक्यता वाढते. नंतर लघवीतून रक्त जाणे अधिक काळ चालू राहू शकते. कोणते औषध किती दिवस आधी थांबवायचे, की थांबवायचेच नाही, हा निर्णय हृदयरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ आणि मूत्ररोगतज्ज्ञ यांनी एकत्र घ्यावा लागतो. रुग्णाने शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या सांगण्यावरून गोळी स्वतः बंद करणे, किंवा ती चालू असल्याचे डॉक्टरांना न सांगणे, या दोन्ही गोष्टी सारख्याच धोक्याच्या आहेत.

गरोदरपण

गरोदरपणात खड्याची कळ उठणे फारसे सामान्य नाही, परंतु उठते तेव्हा ती बहुधा दुसऱ्या वा तिसऱ्या तिमाहीत उठते आणि तिच्यामुळे अकाली प्रसूतीच्या कळा सुरू होण्याची भीती असते. निदानातही अडचण असते. संप्रेरकांमुळे मूत्रवाहिनीचा स्नायू शिथिल होतो आणि वाढत्या गर्भाशयाचा तिच्यावर दाब येतो, त्यामुळे बहुतेक गरोदर स्त्रियांचे मूत्रपिंड, विशेषतः उजवे, खडा नसतानाही थोडे फुगलेले दिसते. गर्भाला किरणोत्सार पोहोचू नये म्हणून पहिली तपासणी सोनोग्राफीचीच करतात; तिने उलगडा झाला नाही तर एमआरआयचा आधार घेतात आणि सी.टी. स्कॅन, तोही कमीत कमी मात्रेचा, अगदी निवडक प्रसंगांसाठी राखून ठेवतात.

अशा स्त्रियांपैकी निम्म्याहून अधिक जणींचा खडा विश्रांती, पुरेसे द्रवपदार्थ आणि गर्भाला सुरक्षित अशी वेदनाशामके यांच्या आधारे आपोआप पडून जातो. जेथे तो पडत नाही, वेदना आवरत नाहीत किंवा मूत्रपिंड धोक्यात येते, तेथे पूर्वी प्रसूतीपर्यंत स्टेंट किंवा नेफ्रोस्टॉमी ठेवणे हाच उपाय समजला जाई. परंतु गरोदरपणात लघवीतून कॅल्शियम अधिक जात असल्याने या नळ्यांवर क्षारांचे थर लवकर चढतात, त्या दर ४ ते ६ आठवड्यांनी बदलाव्या लागतात, आणि प्रत्येक बदल ही त्या स्त्रीसाठी एक नवी शस्त्रक्रियाच असते. योग्य रुग्णात दुर्बिणीने खडा एकदाच काढून टाकणे त्यामुळे अधिक हिताचे ठरू शकते. शिथिल आणि रुंदावलेल्या मूत्रवाहिनीत दुर्बीण बहुधा सहज शिरते, लेसरचा परिणाम खड्यापुरता मर्यादित राहतो, आणि क्ष-किरणांऐवजी सोनोग्राफीच्या साहाय्याने काम करता येते. भूल शक्यतो कमरेखाली देतात, गर्भाशयाचा भार मोठ्या शिरेवर पडू नये म्हणून स्त्रीला किंचित डाव्या कुशीकडे कलते ठेवतात, आणि गर्भाच्या हृदयाचे ठोके प्रसूतितज्ज्ञाच्या देखरेखीखाली तपासतात. संसर्ग असेल, खडा फार मोठा असेल किंवा जवळ प्रसूतितज्ज्ञ व नवजात शिशूंची सोय नसेल, तर मात्र स्टेंट ठेवून प्रसूतीनंतर खडा काढणेच श्रेयस्कर असते.

बदललेली शरीररचना

काही रुग्णांत अडचण आजाराची नसून वाटेची असते. दर ४०० ते ५०० माणसांत एकाची दोन्ही मूत्रपिंडे खालच्या टोकाला जोडलेली आणि नालाच्या आकाराची असतात. गर्भावस्थेत वर सरकताना हे जोडमूत्रपिंड एका धमनीला अडून खालीच राहते आणि त्याच्या मूत्रवाहिन्या उंचावरून निघून जोडावरून वळसा घेत उतरतात. लघवीचा निचरा मुळातच मंद असल्याने आघात-लहरींनी फोडलेले तुकडे आतच राहतात. लवचीक दुर्बीण वळसे पार करून तेथे पोहोचली, तर तुकडे जाळीने उचलून बाहेर काढता येतात.

प्रत्यारोपित मूत्रपिंड ओटीपोटाच्या बाजूला बसवलेले असते आणि त्याची आखूड मूत्रवाहिनी मूत्राशयाच्या वरच्या भागाला जोडलेली असते, त्यामुळे खालून येणाऱ्या दुर्बिणीला तिचे तोंड शोधणेही कष्टाचे जाते. त्याच्या मज्जातंतूंचे जोड तुटलेले असल्याने खडा अडला तरी नेहमीची असह्य कळ येत नाही. लघवी कमी होणे किंवा रक्तातील क्रिएटिनिन वाढणे हीच पहिली खूण ठरू शकते. हे रुग्ण प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेत असल्याने संसर्ग त्यांना सहज गाठतो, आणि एकमेव मूत्रपिंड हाती असल्याने चुकीला जागा उरत नाही. जन्मतः किंवा शस्त्रक्रियेमुळे एकच मूत्रपिंड असलेल्या इतर रुग्णांनाही हेच लागू पडते. त्यांच्यात खडा अडणे म्हणजे लघवी पूर्ण बंद होण्याचा धोका, आणि म्हणून ती नेहमीच तातडीची अवस्था असते.

कर्करोगामुळे मूत्राशय काढून टाकलेल्या रुग्णांत मूत्रवाहिन्या आतड्याच्या तुकड्याला जोडलेल्या असतात, आणि त्यांची तोंडे आतड्याच्या घड्यांत व श्लेष्म्यात हरवून जातात. अशा वेळी पाठीतून मूत्रपिंडात शिरून दुर्बीण वरून खाली नेण्याचा उलटा मार्ग अधिक भरवशाचा असतो.

स्थूल रुग्णांत कातडीपासून खड्यापर्यंतचे अंतर १० सेंटिमीटरहून अधिक झाले की आघात-लहरींचा जोर ओसरतो, तर दुर्बिणीला चरबीचा अडसर येत नाही. त्यांच्यातील खरी जोखीम भूल आणि श्वसन यांची असते. मज्जारज्जूला इजा झालेल्या रुग्णांत आखडलेल्या सांध्यांमुळे पाय फाकवून निजवणेही अवघड असते. इजा वक्षभागातील सहाव्या मणक्याच्या वर असेल, तर वेदना जाणवत नसतानाही मूत्राशय ताणला जाताच रक्तदाब अचानक धोकादायक पातळीवर चढू शकतो. म्हणून संवेदना नाहीत असे समजून त्यांची शस्त्रक्रिया भुलेविना करता येत नाही.

थांबण्याचे शास्त्र

वर सांगितलेल्या सर्व परिस्थितींत एक सूत्र समान आहे, ते म्हणजे एकाच बैठकीत काम पुरे करण्याचा आग्रह सोडणे. मूत्रवाहिनी अरुंद असून दुर्बीण पुढे जात नसेल, तर जोर लावल्याने भिंतीला छिद्र पडू शकते, पुढे तेथे कायमचा आकुंचित भाग तयार होऊ शकतो, आणि फार क्वचित संपूर्ण नळीच तुटून हाती येण्याची आपत्ती ओढवते. त्याऐवजी स्टेंट ठेवून एक-दोन आठवडे थांबले, तर नळी आपोआप सैलावते आणि दुसऱ्या वेळी तीच दुर्बीण सहज आत जाते. रुग्णाच्या नातेवाइकांना हे अनेकदा पटत नाही. खडा निघाला नाही, म्हणजे शस्त्रक्रिया फसली, असा त्यांचा समज होतो, आणि दुसऱ्या शस्त्रक्रियेचा खर्च व रजेची ओढाताणही खरी असते. म्हणूनच काम दोन टप्प्यांत होण्याची शक्यता शस्त्रक्रियेपूर्वीच स्पष्ट शब्दांत सांगणे हे डॉक्टरांचे कर्तव्य आहे, आणि वेळेवर थांबणारा डॉक्टर आपले मूत्रपिंड वाचवत आहे हे समजून घेणे रुग्णाच्या हिताचे आहे.

थांबण्याबरोबर परत येण्याची जबाबदारीही येते. आत ठेवलेला स्टेंट ठरलेल्या मुदतीत काढला नाही, तर त्याच्यावर क्षार साचून तो स्वतःच खडा बनतो. वेदना थांबल्याने त्याचा विसर पडलेल्या रुग्णाला पुढे कित्येकदा मूळ खड्यापेक्षा मोठ्या शस्त्रक्रियेला सामोरे जावे लागते. स्टेंट केव्हा बसवला आणि केव्हा काढायचा, हे रुग्णालयाच्या नोंदवहीत व रुग्णाच्या कागदांवर लिहिलेले आणि घरातल्या आणखी एका माणसाला ठाऊक असले पाहिजे.

मुतखड्याच्या शस्त्रक्रियेला निघालेल्या रुग्णाने आपली सर्व औषधे, पूर्वीच्या शस्त्रक्रिया, मधुमेह, हृदयविकार, अलीकडचा ताप आणि गरोदरपणाची शक्यता यांची माहिती आपण होऊन द्यावी, आणि डॉक्टरांनी ती विचारल्यावाचून पुढे जाऊ नये, ही अपेक्षा साधी आहे, पण तिच्यावर बरेच अवलंबून आहे. दुर्बीण बारीक झाली, लेसर अचूक झाला आणि एकेकाळी ज्यांना उपचार नाकारले जात त्यांच्यापर्यंत उपचार पोहोचले, ही मोठी प्रगती आहे. तिचा लाभ जोखमीच्या रुग्णाला तेव्हाच मिळतो, जेव्हा खडा काढण्याच्या घाईपेक्षा त्या रुग्णाच्या संपूर्ण प्रकृतीचा विचार आधी केला जातो.